मेलेल्या झुरळांचा ढीग दाखवून काम मिळत नाही : पेस्ट कंट्रोलच्या व्यवसायात फोटो आणि व्हिडिओ कशाचे काढावेत

आपण विचारले आहे की, नाशिकमध्ये आपला पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय सहा वर्षांपासून सुरू आहे, हाताखाली तीन टेक्निशियन आहेत, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि गुगलवर आपण नियमाने फोटो टाकता, पण त्यातून चौकशीचे फोन फारसे येत नाहीत आणि जे येतात ते फक्त दर विचारून बंद होतात. आपण पाठवलेले बारा फोटो मी पाहिले. त्यांतले चार मेलेल्या झुरळांच्या ढिगाचे आहेत, तीन नेटवरून उतरवलेले आहेत, दोन फोटोंत टेक्निशियन पाठमोरा उभा राहून फवारणी करतो आहे आणि उरलेले सणांच्या शुभेच्छांचे आहेत. मी पुण्यात बावीस वर्षे हेच काम करतो आणि सुरुवातीला मीही अगदी असेच फोटो टाकत होतो, त्यामुळे पुढचे जे लिहितो आहे त्यातला बराचसा भाग माझ्याच चुकांमधून आलेला आहे.

आपल्या व्यवसायाची खरी अडचण अशी आहे की, ग्राहक ज्याचे पैसे देतो ते त्याला डोळ्यांनी दिसत नाही. रंगकाम करून घेतले तर भिंत दिसते, फर्निचर केले तर कपाट दिसते. पेस्ट कंट्रोल झाल्यावर मात्र स्वयंपाकघर सकाळी होते तसेच संध्याकाळी असते. म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या मनात दोन शंका असतात. पहिली, या माणसांनी औषध मारले की नुसतेच पाणी मारून गेले. आणि दुसरी, औषधच मारले असेल तर घरातल्या रांगत्या मुलाला किंवा दम्याच्या आजोबांना त्याचा त्रास तर होणार नाही ना. झुरळांचा ढीग या दोन्हींपैकी एकाही शंकेचे उत्तर देत नाही. तो पाहून माणसाला किळस येते आणि तो अंगठ्याने पुढे सरकतो. शिवाय असा फोटो कोणी सोसायटीच्या ग्रुपवर पुढे पाठवत नाही, कारण पाठवणाऱ्याच्याच घरात झुरळे झाली असावीत असा अर्थ लगेच काढला जातो. आपल्या कामात तोंडोतोंडी होणारी शिफारस हाच मोठा आधार असल्यामुळे, जो फोटो कोणाला पुढे पाठवावासा वाटत नाही तो आपल्या दृष्टीने वायाच गेला.

मग दाखवायचे काय? माझे उत्तर असे की, ग्राहकाला स्वतःच्या घरात जाऊन ताडून पाहता येईल अशी खूण दाखवावी. माझ्याकडे आजवर सर्वांत जास्त चौकशा ज्या पोस्टमुळे आल्या, तिच्यात एकही किडा नव्हता. तिच्यात फक्त दोन फोटो शेजारी शेजारी होते आणि वर मोठ्या अक्षरांत प्रश्न होता : ‘भुसा आहे की माती?’ डावीकडच्या फोटोत दिवाणाच्या पायाखाली पडलेला मैद्यासारखा बारीक भुसा आणि त्याच्या वर लाकडाला पडलेली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे होती, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचे, आपण ज्याला वूड बोरर म्हणतो त्याचे, काम. उजवीकडे दाराच्या चौकटीलगत भिंतीवर चढत गेलेली पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी होती, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या वाळवीचे काम. खाली तीन ओळी होत्या : दोन्हींचा इलाज वेगळा, दोन्हींचा खर्च वेगळा, आणि एकाचे औषध दुसऱ्यावर मारून घेतले तर पैसे पाण्यात. लोकांनी रात्री टॉर्च घेऊन आपापली कपाटे तपासली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः काढलेले फोटो पाठवून ‘आमच्याकडे यातले कोणते आहे’ असे विचारले. ज्या माणसाने आपल्या घराचा फोटो स्वतःहून पाठवला, तो पुढे दरावरून फार घासाघीस करत नाही. (पुढे एका ग्राहकाने खसखशीसारख्या दाणेदार कणांचा फोटो पाठवला. ते भुंग्याचे काम नव्हते, कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची ती विष्ठा होती. त्यामुळे त्या पोस्टमध्ये तिसरा फोटो वाढवावा लागला.)

वाळवीच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट करता येते. भिंतीवरच्या नळीचा इंचभर भाग चमच्याने खरवडून काढावा, त्याचा फोटो घ्यावा आणि दोन दिवसांनी त्याच जागेचा, त्याच कोनातून दुसरा फोटो घ्यावा. नळी पुन्हा बांधली गेली असेल तर आत वाळवी जिवंत आहे. ही जोडी पाहिल्यावर ‘जुनीच असेल हो, आता काही नाही’ असे म्हणणारा ग्राहक गप्प होतो आणि आपल्याला एक शब्दही वाढवून सांगावा लागत नाही.

औषध मारल्याचा पुरावा देणारी चित्रे हा दुसरा प्रकार, आणि इथे आपण सगळेच चुकीचा क्षण निवडतो. वाळवीच्या कामाचे व्हिडिओ पाहिले तर बहुतेकांत ड्रिल मशीनचा कर्कश आवाज आणि उडणारी धूळ असते. आपल्याला ते मेहनतीचे दृश्य वाटते, पण घरातल्या बाईंना त्यात आपली फरशी फुटताना दिसते. राहत्या घरातल्या वाळवीच्या उपचारासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची छिद्रे पाडून त्यांतून औषधाचे द्रावण सोडण्याची पद्धत दिली आहे. हे दाखवायचे असेल तर स्कर्टिंगलगत, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीलगत, मोजपट्टी अंथरावी, शून्य, तीस, साठ, नव्वद या खुणांशी आलेली छिद्रे एकाच चौकटीत घ्यावीत, आणि त्यानंतरचा बराचसा वेळ छिद्रे बुजवण्याला द्यावा. पांढऱ्या सिमेंटमध्ये फरशीच्या जवळचा रंग कालवणे, पुट्टीच्या पात्याने ते छिद्रात दाबणे, ओल्या फडक्याने कडा पुसणे आणि शेवटी त्या जागेवर बोट ठेवून ‘छिद्र कुठे होते ते शोधा’ असे म्हणणे, एवढ्यात तीस सेकंद पुरतात. ड्रिलिंगच्या व्हिडिओने मला कधीच काम दिले नाही. छिद्र बुजवण्याच्या व्हिडिओने फ्लॅटच्या फ्लॅट दिले आहेत.

औषधाची बाटली ग्राहकासमोर फोडणे, सील तुटतानाचा क्षण, मापाच्या नळकांड्यात औषध मोजणे, लेबलवरची मुदतीची तारीख, टेक्निशियनचे हातमोजे आणि मास्क, बूट काढून आत येणे किंवा बुटांवर कव्हर चढवणे, या सगळ्यांची छोटी दृश्ये ‘पाणी मारून गेले’ या शंकेवर चांगले काम करतात. मात्र किती पाण्यात किती औषध, हा आकडा व्हिडिओत बोलू नये. पाहणाऱ्यांतले काही जण तो प्रयोग घरी करतात. धान्याच्या धुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर कॅमेऱ्यासमोर आणूच नयेत. बंद खोलीत त्यांच्या वायूने माणसे दगावली आहेत आणि आपल्या व्हिडिओवरून कोणी तसे काही केले, तर त्याची टोचणी आयुष्यभर राहील.

झुरळांच्या जेल ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे झुरळांनी खावे असे औषधी जेल ठिपक्यांनी लावण्याच्या कामात, चित्रांचा उपयोग जाहिरातीपेक्षा तक्रारी कमी करण्यासाठी अधिक होतो आणि माझ्या मते तीही जाहिरातच आहे. स्वयंपाकघरातल्या लहान, तपकिरी, मानेमागे दोन गडद पट्टे असलेल्या झुरळाची मादी अंड्यांची पिशवी पिले निघण्याच्या बेतात येईपर्यंत पोटाला लावून फिरते. त्या एका पिशवीत तीस-चाळीस पिले असतात. जेल खाऊन मादी मेली तरी पिशवीतून पिले बाहेर येऊ शकतात, म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी ग्राहक चिडून फोन करतो की तुमचे औषध नकली होते, पुन्हा झुरळे आली. मी काय करतो, तर पहिल्याच दिवशी ओट्याखालच्या ट्रॉलीच्या बिजागरीत सापडलेली तांदळाच्या दाण्याएवढी पिशवी पांढऱ्या कागदावर ठेवून तिचा जवळून फोटो काढतो आणि तो ग्राहकालाच व्हॉट्सॲपवर पाठवतो. सोबत लिहितो की यातून बारीक पिले निघालेली दिसतील, घाबरू नका, दुसरी सर्व्हिस त्यासाठीच ठेवली आहे. अशा ग्राहकाला बारीक पिले दिसली की तो चिडत नाही, उलट शेजारणीला सांगतो की त्यांनी आधीच सांगितले होते.

आधीचा आणि नंतरचा फोटो हा प्रकार आपल्याला रंगकाम आणि साफसफाईवाल्यांकडून आला आहे आणि आपल्याकडे तो जसाच्या तसा चालत नाही, कारण चकचकीत ओट्याचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. त्याऐवजी चिकट सापळा वापरावा. सापळ्याच्या कडेला मार्करने जागा आणि तारीख लिहावी, सिंकखाली एक, फ्रिजमागे एक आणि गॅसच्या नळीजवळ एक असे ठेवावेत, आणि पहिल्या दिवशी, पंधराव्या दिवशी, तिसाव्या दिवशी त्याच जागी ठेवलेल्या नव्या सापळ्यांचे फोटो एका ओळीत लावावेत. पहिल्यात सतरा, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात काही नाही, असे दिसले की वेगळे सांगावे लागत नाही. एखाद्या घरात तिसऱ्या सापळ्यातही झुरळे सापडली तर तेही दाखवण्याचे धाडस करावे आणि कारण लिहावे. आमच्या एका ग्राहकाकडे ते कारण शेजारच्या फ्लॅटला जोडलेली पाइपांची डक्ट होते, आणि त्या पोस्टनंतर सोसायटीने अख्ख्या विंगचे काम दिले. उंदरांच्या बाबतीत मात्र चिकट पाटीवर तडफडणारा उंदीर कधीही दाखवू नये. उंदराचा कितीही राग असला तरी ते दृश्य पाहणाऱ्याची सहानुभूती क्षणात उंदराकडे जाते. कुरतडलेली वायर, लेंड्या, भिंतीच्या कडेने उठलेला तेलकट काळा पट्टा आणि ड्रेनेजच्या पाइपभोवती जाळी व सिमेंटने बंद केलेले भोक, एवढे पुरते.

फोटो काढण्याच्या तंत्राबद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण दहा-बारा हजारांच्या फोनचा कॅमेरा आपल्या कामाला पुरेसा आहे. ज्या तीन चुका सर्रास होतात त्या तेवढ्या सांगतो. पहिली, स्वयंपाकघरात काम करताना लेन्सवर तेलकट बोटे लागलेली असतात आणि सगळे फोटो धुकट येतात; फोटोआधी लेन्स पुसण्याची सवय टेक्निशियनला लावावी. दुसरी, फोनचा फ्लॅश समोरून मारला की गादीच्या शिवणीतले ढेकणांचे काळे ठिपके, वाळवीची नळी, बारीक भुसा हे सगळे सपाट होऊन जाते. फ्लॅश बंद करून दुसऱ्याने बाजूने, जमिनीला जवळजवळ समांतर टॉर्च धरला तर प्रत्येक कणाची सावली पडते आणि खूण उठून दिसते. तिसरी, मापाचा अंदाज येत नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण पाच मिलिमीटरचा असतो, पण नुसत्या जवळच्या फोटोत तो कासवाएवढा वाटतो; शेजारी आगकाडी ठेवली की पाहणाऱ्याला आपल्या गादीत काय शोधायचे ते कळते. फोटो नेहमी तीन अंतरांवरून घ्यावा : आधी खोली कळेल असा, मग वस्तू कळेल असा, मग खूण कळेल असा. नुसता जवळचा फोटो कोणाच्याही घरातला असू शकतो, आणि लोकांना हे कळते.

नेटवरचे फोटो ताबडतोब काढून टाकावेत. त्यात कॉपीराइटचा प्रश्न आहेच, पण त्याहून जास्त नुकसान वेगळ्या कारणाने होते. आपल्या एका पोस्टवर पांढऱ्या लाकडी भिंतींचे परदेशी घर आणि पिवळ्या सूटमधला गोरा माणूस आहे. सिडकोतल्या टू बीएचकेमध्ये राहणाऱ्याला तो आपला माणूस वाटणार नाही. हल्ली संगणकाकडून बनवून घेतलेली चित्रे वापरण्याची हौस आली आहे. मी अशी आठ पायांची झुरळे आणि पंखांचे ढेकूण पाहिले आहेत. प्राणिशास्त्राच्या एखाद्या शिक्षिकेच्या नजरेला ते पडले, तर आपल्याला कीटक ओळखता येत नाहीत असाच निष्कर्ष निघेल, आणि तो रास्तही असेल.

आता परवानगीबद्दल, आणि ही माझी स्वतःची चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या घरातले ढेकणांचे काम मी व्हिडिओवर घेतले. चेहरा कोणाचाही नव्हता, नाव नव्हते. पण मागच्या भिंतीवर कुटुंबाचा फ्रेम केलेला फोटो आणि खिडकीतून सोसायटीची पाण्याची टाकी दिसत होती. दोन तासांत त्याच इमारतीतल्या कोणीतरी घर ओळखले आणि संध्याकाळी त्या ताईंचा रडवेल्या आवाजात फोन आला. व्हिडिओ मी लगेच काढला, माफी मागितली, पण ते घर तर गेलेच, शिवाय त्या सोसायटीची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या कामाचा करारही पुढच्या वर्षी गेला. ढेकूण झाले हे लोकांना आजारापेक्षा जास्त लाजिरवाणे वाटते. तेव्हापासून सर्व्हिस रिपोर्टवर एक ओळ छापली आहे : कामाचे फोटो प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे किंवा नाही, आणि पुढे सहीची जागा. काहीच खूण केली नसेल तर ‘नाही’ समजायचे. देव्हारा, नावाची पाटी, मुलांची खोली, गाडीचा नंबर आणि खिडकीबाहेरचे दृश्य चौकटीत येऊ द्यायचे नाही. हॉटेलच्या आतला एकही फोटो संमती असली तरी मी सार्वजनिक करत नाही.

हॉटेल, बेकरी आणि कँटीनसाठी चित्रांचा मार्ग वेगळाच आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना विनियमांतील चौथ्या परिशिष्टात कीडनियंत्रणाची अपेक्षा आहे, त्यामुळे तपासणीच्या वेळी मालकाला दाखवायला कागद लागतो. आपण त्याला जागेचा नकाशा, त्यावर क्रमांक टाकलेली बेट स्टेशने (उंदरांसाठी आमिष ठेवण्याच्या पेट्या), प्रत्येक स्टेशनचा तारखेसह फोटो आणि कुठे दुरुस्ती हवी त्याच्या बाणाने केलेल्या खुणा असा चार पानी नमुना अहवाल पहिल्याच भेटीत दाखवावा, अर्थात दुसऱ्या ग्राहकाचे नाव पुसून. इन्स्टाग्रामवरच्या शंभर पोस्टपेक्षा तो कागद भारी पडतो. गाडीवर भलेमोठे झुरळ रंगवू नये हेही याच संदर्भात सांगतो. जेवणाच्या वेळी दारात तशी गाडी उभी असलेली कोणत्याही हॉटेलमालकाला नको असते.

आपल्या पोस्टरवर ‘१००% सेफ’, ‘हर्बल’ आणि ‘इको-फ्रेंडली’ असे तीन गोल शिक्के आहेत. ते काढावेत असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कीटकनाशकाच्या लेबलवर ‘सुरक्षित’ किंवा ‘निरुपद्रवी’ असे लिहायला नियमांचीच मनाई आहे, मग तेच औषध वापरणाऱ्याने तसे लिहिणे कसे शोभेल? लेबलवरचा हिरवा त्रिकोणसुद्धा विषारीपणाच्या चार पायऱ्यांतली सर्वांत खालची पायरी सांगतो, विष नाही असे सांगत नाही. आपण वापरता त्या जेलमध्ये फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड यांसारखे रासायनिक कीटकनाशक असेल तर त्याला हर्बल म्हणणे खोटे आहे, मग बाजारात दहा जण तसे म्हणत असोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि पर्यावरणपूरक असल्याच्या दाव्यांसाठी २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही आली आहेत. त्या शिक्क्यांच्या जागी आपला कृषी विभागाकडून मिळालेला परवाना, क्रमांक वाचता येईल असा, लावावा. आणि मुलांच्या काळजीचे उत्तर द्यायचे असेल तर ट्रॉलीच्या आत, हात पोचणार नाही अशा खाचेत लावलेला जेलचा ठिपका जवळून दाखवावा, भांडी कधी परत ठेवायची ते सांगावे आणि फवारणी असेल तर किती वेळ खोली बंद ठेवायची तेही सांगावे.

फोटो कुठे टाकायचे, याला मी काय दाखवायचे या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्व देत नाही. ‘जवळचे पेस्ट कंट्रोल’ असे शोधणारा माणूस गुगलच्या नकाशावर येतो आणि त्याला काम करून घ्यायचेच असते, म्हणून खऱ्या साइटचे फोटो आधी तिथे जावेत. तिथे व्हिडिओ तीस सेकंदांपर्यंतच चालतो. व्हॉट्सॲप स्टेटस जुन्या ग्राहकांसाठी ठेवावे. रील उभे असावे आणि त्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत मजकूर असावा, कारण बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात.

वेळ मात्र सांभाळावी. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखांची वाळवी घोंगावते आणि सकाळी खिडकीत नुसते पंख पडलेले असतात. त्या पंखांचा फोटो त्याच सकाळी टाकला तर तो हजारो घरांतला ताजा प्रश्न असतो, आठ दिवसांनी कोणी पाहत नाही. जुलैत मनी प्लांटच्या बाटलीत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या दाखवाव्यात. डेंगी पसरवणारा एडिस डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत उडायला लागतो हे कळले की लोक आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठवलेले पाणी ओतून भांडी कोरडी करण्याचा दिवस, पाळायला लागतात. गणपतीच्या आधी कोकणातले बंद घर उघडणाऱ्या चाकरमान्यांसाठी चौकट आणि वाशांची तपासणी कशी करायची ते सांगावे. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला तेव्हा काही जणांनी त्या वादावर स्वार होऊन कबुतरे अडवणाऱ्या जाळीच्या जाहिराती केल्या. त्यांना शिव्याच जास्त मिळाल्या. बाल्कनीला नीट ताणून बसवलेली जाळी आणि तिच्या आतून दिसणारी तुळस, इतका साधा फोटो त्या कामाला पुरतो.

शेवटचा मुद्दा आपल्या तीन टेक्निशियनचा. फोटो तेच काढणार आहेत, आपण नाही. त्यांना प्रत्येक साइटवर चारच फोटो सांगावेत : खूण, औषध लावताना, बंद केलेली जागा आणि तारखेचा सापळा. मी प्रसिद्ध करण्याजोग्या प्रत्येक फोटोमागे पन्नास रुपये देतो. माझ्याकडचा सर्वांत चांगला फोटो काढणारा मुलगा सातवीपर्यंत शिकलेला आहे. त्याला बिजागरीतली अंड्यांची पिशवी माझ्याआधी दिसते, आणि हल्ली काही ग्राहक एएमसीच्या वेळी ‘तो फोटो काढणारा मुलगाच पाठवा’ असे सांगतात.